केतकीचे केस

आत्यांच्या हातात कात्री होती आणि केतकीने दोन्ही हातांनी आपली वेणी मानेशी घट्ट धरून ठेवली होती. मी धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन जिना उतरत होते. पोरगी रडत नव्हती, आरडाओरडा करत नव्हती, नुसती मान खाली घालून बसली होती. रडली असती तर मी कदाचित तशीच पुढे गेले असते. दुसऱ्याच्या घरात आपण कशाला बोलायचं, असं वाटून.

"ताई, कापताय का?" मी विचारलं.

"कापू नाही तर काय करू? आत गाठी झाल्यात नुसत्या. कंगवा घालू देईना, हात लावू देईना. हिच्या आईनं लाडानं वाढवलेत केस, आता निस्तरायचं मला."

मी बादली खाली ठेवली आणि तो रविवार मागून घेतला. म्हटलं, आजचा दिवस मला द्या, संध्याकाळपर्यंत गाठ सुटली नाही तर मग कापा. आत्यांनी कात्री खाटेवर टाकली. त्यांचीही कापायची फार इच्छा होती असं नाही, पण गुडघे धरलेल्या बाईने एवढे केस रोज किती वेळ विंचरायचे.

उदगीरला, देगलूर रस्त्याला, किनीकरांच्या घरी मी वरच्या खोलीत भाड्याने राहायला येऊन तेव्हा काही महिनेच झाले होते. खाली तिघंजण. विलास किनीकर, ज्यांचं बसस्थानकाजवळ मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. त्यांची मोठी बहीण सुशीलाताई, ज्यांना सगळी गल्ली आत्याच म्हणायची. आणि सातवीतली केतकी. केतकीची आई तापाच्या साथीत गेली होती. मी येण्याच्या आधीची गोष्ट. आत्या निलंग्याचं आपलं घर लेकासुनेवर सोडून भावाचा संसार सांभाळायला आल्या होत्या.

मी मूळची देवरुखची. नोकरी पाणी तपासणीच्या सरकारी प्रयोगशाळेत. गावोगावच्या बोअरच्या पाण्याच्या बाटल्या यायच्या आणि त्यात क्षार किती, फ्लोराइड किती, ते पाहायचं हे माझं काम. त्यामुळे केतकीच्या डोक्यात काय झालंय ते मला हात लावायच्या आधीच कळलं होतं. किनीकरांच्या बोअरचं पाणी इतकं जड होतं की बादलीच्या कडेला पांढरं पुट चढायचं आणि साबणाला फेस यायचा नाही. तेच पुट केसांवर बसत होतं. माझ्याही केसांचा इथे आल्यावर काथ्या झाला होता. कोकणातल्या विहिरीच्या पाण्याची सवय असलेल्या डोक्याला तो धक्काच होता. पुण्याच्या एका मैत्रिणीने मला सफरचंदाच्या व्हिनेगरचं सांगितलं, तेव्हापासून एक बाटली माझ्या न्हाणीत असायची.

मी केतकीला वर नेलं. आधी खोबरेल लावून बोटांनीच गाठी सैल केल्या. मग शाम्पू. मग तांब्याभर साध्या पाण्यात व्हिनेगरचे दोन चमचे घातले आणि तिला मान पुढे झुकवायला लावून ते पाणी हळूहळू ओतलं. थोडा वेळ तसंच ठेवायचं आणि मग स्वच्छ पाण्याने धुऊन टाकायचं. डोळे मिटून घे, एवढंच मी तिला परत परत सांगत होते.

"लोणच्याच्या बरणीसारखा वास येतोय," ती म्हणाली. माझ्याशी बोललेलं तिचं ते पहिलं वाक्य.

वाळल्यावर जातो वास, मी सांगितलं. आणि खरंच, उन्हात बसून केस वाळले तेव्हा वास गेला होता आणि मोठ्या दातांचा कंगवा थोडं थांबत, थोडं अडत, शेवटी वरपासून खालपर्यंत उतरला. केस कमरेच्या खाली आले होते. मी एक सैल वेणी घातली. तिने आरशात पाहिलं आणि खाली पळाली. किनीकर घरी येऊन ओट्यावर जेवायला बसले होते. मी गच्चीवरून पाहिलं, त्यांनी ताट पुढ्यात असताना डावा हात लांब करून लेकीची वेणी हातावर घेतली आणि तशीच थोडा वेळ धरून ठेवली. मग जेवायला लागले.

त्यानंतर दर रविवार ठरूनच गेला. केतकी टॉवेल खांद्यावर टाकून वर यायची. ती कमी बोलायची, पण पाणी डोक्यावरून ओघळत असताना, मान खाली असताना, चेहरा कुणाला दिसत नसताना ती बोलायची. शाळेतल्या कुणाशी भांडण झालं ते. आईच्या साड्यांतल्या चार आत्याने कुणाकुणाला देऊन टाकल्या ते. एकदा म्हणाली, आईचा आवाज कसा होता ते तिला आता नीट आठवत नाही, आणि हे बाबांना सांगू नका. मी सांगितलं नाही.

किनीकर मला मॅडम म्हणायचे. बाटली संपत आली की कधी न विचारताच नवी आणायचे. तांब्याची तार आणायला ते लातूरला जायचे, तेव्हा तिथल्या मोठ्या दुकानातून. एकदा त्यांनी गच्चीवर एक वेगळी टाकी बसवली आणि पन्हाळीचं पाणी गाळून त्यात सोडलं. पावसाचं पाणी हलकं असतं असं तुम्हीच म्हणालात ना, मग दोघींचे केस त्याने धुवा, असं त्यांनी मान वर न करता, पाना फिरवत सांगितलं. हळूहळू संध्याकाळचा चहा खाली व्हायला लागला. दुकानात जळालेल्या मोटारी कशा येतात, शेतकरी रात्रीच्या विजेवर मोटार सोडून कसे झोपतात, याच्या गोष्टी ते सांगायचे. मी प्रयोगशाळेतल्या सांगायचे. हसणं जास्त माझंच असायचं. त्यांचं हसू मिशीतच राहायचं. आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की ते मला मॅडम म्हणायचे थांबलेत. दुसरंही काही म्हणत नव्हते. नुसतंच बोलायला सुरुवात करायचे.

मी तेव्हा चौतिशीला आले होते. घरातल्यांनी माझ्या लग्नाचा विषय सोडून दिला होता आणि मीही सोडला होता. त्यामुळे मला आतून काय व्हायला लागलंय हे मी स्वतःलाही फारसं विचारत नव्हते.

गणपतीला मी देवरुखला निघाले त्याच्या आदल्या संध्याकाळी ते गच्चीवर आले. मी वाळलेले कपडे काढत होते. ते टाकीशी उभे राहिले, झाकण उघडून पाहिलं, परत लावलं.

"एक विचारायचं होतं," ते म्हणाले. "केतकीला विचारल्याशिवाय मी काही ठरवणार नाही. पण तिला विचारायच्या आधी तुमचं मन कळायला पाहिजे. तुमचा नकार असेल तर तिच्यापर्यंत हा विषय जायलाच नको."

मी हातातली चादर घडी करत राहिले. परत आल्यावर सांगते, एवढंच म्हणाले. ते बरं म्हणाले आणि उतरून गेले. उत्तर माझ्याजवळ तेव्हाच तयार होतं. तरी मला ते थोडे दिवस एकटीने जवळ ठेवायचं होतं, इतकंच. देवरुखला आरतीला उभी असताना, ऋषिपंचमीची भाजी चिरताना, मी मनातल्या मनात ते उत्तर सांगून पाहायचे. आईलाही बोलले नाही. आधी त्यांना सांगेन, मग आईला, असं ठरवलं होतं.

परतले ती रातराणी बसने, सकाळी. खाली सामसूम होती. किनीकर दुकानावर गेले होते, आत्या मारुतीला. मी वर जाऊन बॅग ठेवते तोच खालच्या न्हाणीतून आवाज आला. किंचाळणं नव्हतं ते. कुणीतरी दात आवळून कण्हावं तसा आवाज होता.

दार नुसतं लोटलेलं होतं. केतकी पाटावर बसली होती, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, दोन्ही हात डोळ्यांवर. न्हाणीभर तो उग्र आंबट वास. कोपऱ्यात बाटली आडवी पडली होती आणि तिच्यात तळाला थोडंसंच उरलं होतं. किनीकरांनी माझ्यासाठी आणून ठेवलेली नवी बाटली होती ती. पोरीने पाण्यात न मिसळता ते तसंच डोक्यावर ओतलं होतं आणि वर टॉवेल घट्ट बांधून कितीतरी वेळ बसून राहिली होती. टॉवेल सोडताना ते सगळं कपाळावरून डोळ्यांत उतरलं होतं.

मी तिला ओढत माठापाशी नेलं आणि तिच्या डोळ्यांवर पाणी ओतत राहिले. डोळे उघड, उघड बाळा, म्हणत राहिले. ती उघडायचा प्रयत्न करत होती. कानांमागची आणि मानेवरची कातडी लालभडक झाली होती. डोक्यात कोंड्याने खाजवून खाजवून आधीच जखमा होत्या, तिथे तर हात लावू देत नव्हती. माठ रिकामा झाला. तोवर आत्या आल्या. त्यांनी शेजारच्या मुलाला दुकानावर पिटाळलं आणि किनीकर स्कूटरवरून आले. आम्ही दोघांनी तिला मध्ये बसवून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर म्हणाले, लगेच पाणी मारलंत हे बरं केलंत. एका डोळ्यावर पट्टी बांधली, मलम दिलं, काही दिवस उजेडात नेऊ नका म्हणाले. डोकं बरं होईपर्यंत केसांना काही लावायचं नाही, आणि केस कमी करता आले तर औषध लावायला सोपं जाईल. किनीकर औषधं आणायला गेले तेव्हा बाकावर आम्ही दोघीच होतो. तिचा हात माझ्या हातात होता.

"असं का केलंस गं? मी आज येणारच होते ना," मी म्हटलं.

तिने पट्टीची कड चाचपली. मग म्हणाली, "मला माझं स्वतःला जमलं असतं, तर तुम्हाला माझ्यासाठी यावं लागलं नसतं."

एवढंच. तिने हात काढून घेतला नाही, पण मला वाटलं की काढून घेतलाय. मला पोरीने सरळ सांगितलं होतं. बारातेरा वर्षांच्या मुलीकडून याहून स्पष्ट काय ऐकायचं असतं? तिच्या आईच्या जागी कुणी येऊ घातलंय हे तिला कळलं होतं, आणि मी यायचं कारणच उरू नये म्हणून तिने स्वतःच्या डोक्याची ही दशा करून घेतली होती. मी तिच्या पट्टीकडे पाहत राहिले. माझ्याजवळचं ते तयार उत्तर मी त्या बाकावरच सोडलं.

घरी आल्यावर आत्यांनी जे मनात आलं ते बोलून घेतलं. परक्या बाईच्या हाती पोरीचं डोकं दिलं, तिनं सिरका ओतायला शिकवलं, आणि वर म्हणे रसायनं शिकलेली आहे. किनीकर त्यांना गप्प करत होते. मग ते मला जिन्याशी भेटले.

"तिला किती घालायचं ते माहीत होतं ना? तुम्ही सांगितलं होतं ना तिला?" ते हळू आवाजात म्हणाले. विचारण्यात आरोप नव्हता. त्यांना फक्त समजून घ्यायचं होतं.

तिला माहीत होतं. कितीतरी रविवार तिने ते दोन चमचे पाहिले होते. पण तसं सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग का केलं तिने. त्याचं उत्तर मी त्या माणसाला कसं देणार होते? तो लेकीला बोलला असता, नाहीतर स्वतःला बोल लावत बसला असता.

"नीट सांगायचं राहून गेलं असेल माझ्याकडून," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना ते खरं वाटलं नाही असं मला दिसलं, आणि तरी ते तसेच आत गेले.

त्याच आठवड्यात आत्यांनी केतकीचे केस कानापर्यंत कापले. मी वर होते. मला खाली बोलावलं नाही, आणि जायला माझं धाडस झालं नाही. मी बदलीसाठी अर्ज केला. आईची तब्येत बरी नसते असं कारण लिहिलं. किनीकरांना सांगितलं तेव्हा ते दुकानातून नुकतेच आले होते, हाताला वार्निशचा वास होता.

"ताईंच्या बोलण्याचं मनाला लावून घेतलंत का?"

"नाही."

"मग केतकीमुळे?"

"नाही," मी म्हणाले. "माझंच मन तयार होत नाही."

त्यांनी मान हलवली. गच्चीवर जे विचारलं होतं त्याचं उत्तर त्यांना मिळालं होतं. मी निघाले त्या दिवशी त्यांनीच माझं सामान रिक्षात ठेवलं. आत्यांनी दही दिलं, वाटेत खायला धपाटी बांधून दिली, आणि त्यांचे डोळे भरून आले होते, हे मला आजही आठवतं. केतकी खिडकीत उभी होती. कापलेल्या केसांमुळे मुलासारखी दिसत होती. मी हात केला. तिने केला नाही.

नंतर मी रत्नागिरीला आले आणि तिथेच राहिले. लग्न केलं नाही. त्याचं दुःख करत बसले असं नाही. आई होती, काम होतं, भावाची मुलं होती. सरकारी कामात वर चढत गेले तशी नवीन लोकांना शिकवायलाही मला बोलावू लागले.

गेल्या वर्षी नाशिकला अशाच एका प्रशिक्षणात सकाळचं सत्र संपवून मी चहाचा कप घेऊन व्हरांड्यात उभी होते. एक उंच मुलगी समोर आली. पाणीपुरवठ्यात नुकतीच कनिष्ठ अभियंता म्हणून लागलेली.

"मॅडम, मी केतकी. किनीकर. उदगीर."

मी कप कठड्यावर ठेवला. तिचे दोन्ही डोळे स्वच्छ, पाणीदार होते. मी आधी तेच पाहिलं. घरची चौकशी झाली. आत्या चार वर्षांपूर्वी गेल्या. बाबा बरे आहेत, दुकान आता मोठं झालंय. मी रत्नागिरीला आल्यावर दोनतीन वर्षांनी त्यांनी लग्न केलं, भालकीच्या एका शिक्षिकेशी. फार चांगली आहे, केतकी म्हणाली, मी तिला आईच म्हणते. ते ऐकून मला खरंच बरं वाटलं. कुठेतरी काही टोचलंही, पण बरं वाटलं हे खोटं नाही.

मग ती म्हणाली, "मॅडम, तुम्हाला एक विचारू? कधी भेटलात तर विचारायचं असं लहानपणापासून ठरवलेलं आहे. माझ्या डोळ्याचं झालं म्हणून तुम्ही गेलात ना?"

मला तिचा प्रश्न समजला नाही. तसं मी म्हटलं.

तिने कठड्याला टेकून, रस्त्याकडे पाहत सांगितलं. मी देवरुखला गेले होते तेव्हा आत्या शेजारणीशी बोलत होत्या. विलासचं मन बसलंय, पण ती बाई हो म्हणायची नाही. आठवड्यातून एकदा केस धुवून देणं वेगळं आणि दुसरीची पोर जन्मभर गळ्यात बांधून घेणं वेगळं. त्या पोरीला स्वतःची वेणीसुद्धा घालता येत नाही. केतकी दाराआड होती.

"मला वाटलं, माझं सगळं मला येतं असं तुम्हाला दिसलं तर तुम्ही हो म्हणाल," ती म्हणाली. "तुम्ही यायच्या आत केस छान करून, वेणी घालून दारात उभं राहायचं होतं मला. थोडं घालून एवढे मऊ होतात तर सगळं घातलं तर किती होतील, असं डोक्यात आलं. आणि झालं ते असं. मग तुम्ही गेलात. मला वाटायचं, मी ओझं नाही हे दाखवायला गेले आणि डोळ्याला पट्टी बांधून आणखीच ओझं होऊन बसले. कोण थांबेल?"

खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं. गाडीचा तो आवाज संपेपर्यंत मी थांबले.

"तू दवाखान्यात म्हणालीस, तुम्हाला माझ्यासाठी यावं लागलं नसतं," मी म्हटलं. "मला वाटलं, तुला मी नको आहे."

तिने माझ्याकडे वळून पाहिलं. मग विचारलं, "तुम्ही बाबांना काय सांगणार होतात?"

"हो म्हणणार होते."

तिने डोळे पुसले नाहीत. ते वाहू दिले. मी पर्समधला रुमाल काढून हातातच धरून ठेवला, तिला द्यावा की नको हे मला ठरवता येईना. बाबांना सांगू का, तिने विचारलं. मी विचारलं, ते सुखात आहेत ना? आहेत, ती म्हणाली. मग राहू दे, मी म्हटलं. ती लगेच मान हलवून हो म्हणाली, आणि तिने लगेच हो म्हटलेलं मला लागलं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिने घसा खाकरून आवाज नीट केला.

"हां आई. हो, खाल्लं. नाही गं, सर्दी झालीय थोडी." मग माझ्याकडे पाहून ती क्षणभर थांबली. "कुणी नाही, इथल्या एक मॅडम आहेत. बोलत उभ्या होतो."

फोनवरच्या बाईने तिला गरम पाणी पी म्हणून सांगितलेलं मला स्पष्ट ऐकू आलं. आवाज मायेचा होता. पुढच्या सत्राची वेळ झाली होती. सगळे आत जायला लागले तशा आम्हीही गेलो.